आधी नळी, मग तार

ये गं बाई, अशी जवळ सरक. तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही; पण माझं लिहिलेलं वाचायला बसलीस म्हणजे माझीच झालीस. आणि हे काय? पान हातात, डोळे चुलीवरच्या दुधाकडे, कान शेजारणीच्या ओटीवर! असं नाही हो चालायचं. दूध उतरवून ये आधी. ज्या माणसाची हकिकत मी सांगणार आहे, त्याला आमच्या आळीनं पोटभर हसून घेतलं आहे. तूही हसणार. हस, माझी ना नाही. पण अर्ध्यावर उठून गेलीस तर बघ! हसून अर्ध्यावर उठून गेलेल्यांनीच त्या बिचाऱ्याचं नाव खराब केलं.

तर आमचे शेजारी नाना. ठाण्यात खोपट नावाच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर, आणि मधलं शेवग्याचं झाड सोडलं की नानांचं. तू त्यांच्या फाटकाशी उभी राहून विचारलंस, "नाना आहेत का?" तर नाना बोलायचे नाहीत. हातातली बांबूची नळी उचलून आधी एका डोळ्याला लावतील, दुसरा डोळा मिटतील, आणि नळीतून तुला निरखतील. अगदी सोनारानं नथ पारखावी तसं. मग नळी खाली घेऊन म्हणतील, "स्वच्छ आहे!"

हे तुझ्याबद्दल नव्हे हो, नळीबद्दल.

बांबूला जागोजाग पेरं असतात आणि प्रत्येक पेराशी आत पडदा असतो. नाना लोखंडाची सळई लालबुंद तापवून ते पडदे एकेक करून जाळायचे. सगळे गेले की नाही हे बघायला उजेड हवा, आणि त्यांच्या गोठ्यातून उजेड दिसायचा तो फाटकाच्याच दिशेला. त्यात फाटकाशी कुणी उभं असलं तर त्याचं नशीब! आळीत नवी सून आली की सासू पहिल्याच दिवशी सांगून ठेवी, "शेजारच्या नानांनी नळी रोखली तर पदर सावरत पळू नकोस. ते तुला बघत नाहीत, पेर बघतात."

नाना उभा जन्म कल्याणला आगगाडीच्या तारखात्यात होते. तारमास्तर. यंत्रापुढे बसून कडकट्ट कडकट्ट करायचं आणि इकडची बातमी तिकडे धाडायची. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही. नोकरी संपली तसे ठाण्यास आक्काच्या घरी येऊन राहिले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. बालविधवा. आई गेल्यावर नानांना तिनंच वाढवलं. नाना आता पांढऱ्या मिशांचे झाले, तरी आक्का त्यांना 'बाब्या'च म्हणते. आक्काला दमा. सोवळं कडक, जीभ त्याहून कडक, आणि छाती मात्र भात्यासारखी वाजायची.

गुरं केव्हाच विकली होती, तेव्हा परसातला रिकामा गोठा नानांनी बळकावला आणि त्याला नाव दिलं 'कारखाना'. कारखान्यात काय होतं? बांबू. येऊरच्या डोंगरावरून मोळीवाले आणतात ते. शिवाय तारेची वेटोळी, सळया, कानशी, नारळाच्या करवंट्या, आणि आक्काच्या लोणच्याच्या बरण्या. बरण्यांत लोणचं नाही हो! कल्हईवाल्याकडून आणलेल्या नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी, कोळशाची वडी. ह्यातून म्हणे वीज निघते. आक्का म्हणे, "तीस वर्षं त्या बरणीतून आंबट निघालं, आता वीज निघतेय. घोर कलियुग!"

नानांचं एकच ब्रीद होतं, "आधी नळी, मग तार!" उघडी वस्तू त्यांना बघवत नसे. पहिल्यांदा त्यांनी तार नुसतीच भिंतीवरून नेली होती. वरचं सूत मेणात बुडवलेलं. उंदरांनी एका पंधरवड्यात मेण, सूत सगळं फस्त केलं. तेव्हापासून नानांना उघडं दिसलं की उंदीर दिसत. छत्री नळीत. उदबत्त्या नळीत. पंचांग गुंडाळून नळीत. तपकीर नळीत. विहिरीचा दोर नळीतून न्यायचाही घाट घातला होता, पण आक्का विळी घेऊन उठली. आमच्या घरी सत्यनारायणाला आले, तर तीर्थ घेताना पळीकडे बघून म्हणाले, "वहिनी, दांडा पोकळ हवा होता." आमची स्वारी, म्हणजे माझे यजमान, कचेरीतला गंभीर माणूस. स्वारी म्हणाली, "ह्यांना यमदूत न्यायला आले तर हे म्हणतील, फास नळीतून आणलात का?"

पण मला राग यायचा तो निराळ्याच गोष्टीचा. मी बोलकी बाई. लिहाय-वाचायला मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून एकटी शिकले, पण बोलायला मला कुणाकडून शिकावं लागलं नाही. आणि नाना मला बोलूच देत नसत!

"काय वहिनी, बरं आहे ना? बरंच असणार. स्वारी कचेरीत? कचेरीतच असणार. आज उकाडा फार, नाही? फारच. बरं, येतो."

झालं! प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, निरोपही त्यांचाच. मी आपली तोंड उघडून उभी. पाठीमागून हाक मारावी तर वळूनसुद्धा बघायचे नाहीत. सरळ चालू लागायचे. आळी म्हणायची, शिष्ट आहे. तारखात्यातल्या साहेबांत वावरलेला, आपल्याशी कशाला बोलेल?

तर एकदा नानांनी जाहीर केलं, माजघरातल्या आक्काच्या अंथरुणापासून स्वयंपाकघराच्या आढ्याखालून, परसातून, थेट कारखान्यापर्यंत नळी न्यायची. आक्काच्या उशाशी एक कळ. आक्कानं कळ दाबली की कारखान्यात घंटा वाजायची. मुंबईच्या जुन्या बाजारातून कुणा साहेबाच्या बंगल्यातली मोडकी घंटा आणून त्यांनी दुरुस्त केली होती.

"कशाला हो नाना?" मी तोंडासमोर जाऊन विचारलं.

"हौस!" नाना म्हणाले. "आक्काला चहा हवा झाला, कळ दाबायची. गंमत."

आक्काला चहा! चहाच्या वासानं जिला अंघोळ करावी लागते तिला!

नळी टाकायचं काम महिनाभर चाललं. प्रत्येक कोपऱ्याशी नारळाची करवंटी; तिला वर झाकण, बाजूंना दोन भोकं, एकातून नळी आत, दुसऱ्यातून बाहेर. सांधे राळेनं बंद करायचे. ती राळ कोलशेतची जोमी कोळीण आणून द्यायची, होड्यांना लावतात ती. परसात टोपली उतरवून ती कमरेवर हात ठेवून बघत राही. "क्याला रं नाना येवरी राल? होरी बांदतंस काय घरान?"

नानांनी नळी डोळ्याला लावली. जोमीनं पण दोन्ही मुठी एकीवर एक ठेवून डोळ्याला लावल्या आणि त्यांच्याकडे बघितलं. "माना तं सगला सोच दिसतं," म्हणाली, म्हणजे सगळं स्वच्छ, आणि हसत हसत गेली.

आता गंमत बघ. शहाण्या माणसानं काय केलं असतं? नळीचा तुकडा घ्यावा, त्यातून तार ओवावी, मग पुढचा तुकडा. पण नाना! आधी नळी, मग तार! सबंध नळी भिंतीवर चढली, करवंट्या बसल्या, राळ वाळली, आणि मग नाना तार घेऊन उभे राहिले. पहिल्या करवंटीत तार अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

"नाना, ओवत ओवत नेली असती तर?" मी हातवारे करून विचारलं.

"वहिनी, तार आज ना उद्या नासणार. नासली की काय, भिंत फोडायची? नळी अशी हवी की जुनी तार निघावी आणि नवी जावी. घराला कळूसुद्धा नये."

"पण जाते कुठे?"

नानांनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं. तिथे मी नुकतीच ओली लाकडं फुंकून फुंकून चूल पेटवली होती. धूर अजून निघत होता. "वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या छातीत भाता आहे. फुंकणी घेऊन या."

मग काय! देवापुढच्या कापसाच्या वातीचा एक हलका बोंडा केला, त्याला बारीक रेशमाचा दोरा बांधला, बोंडा नळीच्या तोंडात ठेवला, फुंकणी लावली, आणि गालांचे भोपळे करून मी जी फुंक मारली! बोंडा पहिल्या करवंटीत जरा घुटमळला, मग सुटला. आक्का माजघरातून ओरडली, "आला गं, आला!" बोंड्यामागे दोरा, दोऱ्यामागे सुतळी, सुतळीमागे सूत गुंडाळलेली दुहेरी तार. इतकी वर्षं चुलीपुढे फुंकर घालून डोळे चोळले, पण ह्या फुंकेचं कौतुक झालं ते पहिल्यांदा. नाना म्हणाले, "तारखात्यात तुमच्यासारखं कुणी नव्हतं." चार दिवस मी आळीत तेच सांगत होते.

आक्कानं कळ दाबली. कारखान्यात नाना घंटेच्या अगदी समोर उभे, डोळे घंटेच्या हातोडीवर. हातोडी थरथरली, घंटा वाजली, आणि नाना पोरासारखे उड्या मारायला लागले. "वाजली! वाजली!"

पण तार स्वयंपाकघरातून गेली होती ना! आक्काला रात्रभर झोप आली नाही. सोवळ्याच्या स्वयंपाकघरातून सुती तार! सुताचं कापड धुऊन, कुणाचा हात न लागता वाळलं तरच सोवळं. आणि ही तार कुणाकुणाच्या हातून आली, देव जाणे. नानांना सांगावं तर त्यांचा एवढा आनंद. बोलली नाही बिचारी. सकाळी अंघोळ करून, सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून, स्टुलावर चढून तिनं करवंटीचं झाकण काढलं, आतली तार हवी तेवढी ओढून खाली घेतली, आणि मोरीच्या दगडावर कढत पाणी, रिठा लावून स्वच्छ धुतली. मेण बोटांना लागलं तसं दोनदा आपटली. मग पिळली. पिळून सोवळ्याच्या वलणीवर वाळत घातली.

मी आमच्या अंगणात तांदूळ निवडत होते. एकदम घंटा सुरू झाली. एक टोला नव्हे, दोन नव्हे. कर्रर्र करून जी लागली ती थांबेना. शेवग्यावरचे कावळे उडाले. मला वाटलं, आक्काचा श्वास कोंडला, हात कळेवर तसाच राहिला! सूप टाकून धावले. पुढच्या दारानं आत शिरले तर आक्का वलणीखाली उभी, हातात काठी, चेहरा पांढरा. "मी काही केलं नाही गं! मी नुसती धुतली!"

आक्का धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला. तारांवरचं सूत आपटून गेलं होतं आणि पिळून दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणून घंटा वाजत होती. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नानांना बोलवायला परसात धावले.

आणि गोठ्याच्या दारात थबकले.

घंटा डोक्यावर किंचाळतेय. आळीतली चार माणसं कुंपणावर चढलीत. आणि नाना घंटेकडे पाठ करून बसलेत, मांडीवर बांबू, हातात कानस. शांतपणे घासतायत. तोंडात काहीतरी गुणगुणणं.

मी पुढे गेले. सावली पडली तसे त्यांनी वर बघितलं, नेहमीसारखं हसले. "काय वहिनी, बरं आहे ना? बरंच असणार."

 खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा मला बोलायला सुचलं नाही. मी नुसतं वर बोट केलं. नाना वळले. हातोडी घंटेवर आपटताना त्यांनी बघितली.  मग उठून बरणीतली कांडी बाहेर काढली. घंटा थांबली. मला कळलं ती थांबली म्हणून. त्यांना कळलं हातोडी थांबली म्हणून.

म्हणून प्रश्न त्यांचे, उत्तरं त्यांची. म्हणून पाठीमागून मारलेल्या हाका फुकट. शिष्टपणा कसला गं, माणसाला ऐकूच येत नव्हतं! आणि ते कुणाला कळू नये म्हणून बिचारा सगळ्यांच्या आधी बोलून मोकळा होत होता.

नाना खाली बसले. आवाज एकदम बारीक. "पावसाळ्याच्या आधी आक्का धुण्याच्या दगडाशी पडली होती, वहिनी. श्वास कोंडला. ती मला हाका मारीत होती. मी इथेच होतो. ह्याच जागेवर. मी दूध घ्यायला घरात निघालो तेव्हा दिसली. तिनं विचारलं, कुठे होतास रे? मी म्हटलं, बाजारात गेलो होतो." त्यांनी कानस पुसली, पुन्हा पुसली. "घंटा तरी ऐकू येईल, असं वाटलं होतं. समोर उभा राहून बघितली तेव्हा ऐकू आली असंच वाटलं. आक्काला सांगू नका. हाक मारली की बाब्या येतो, एवढ्यावर ती जगते."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक. आणि असलं ओझं माझ्याच पदरात!

त्या दिवशी वाटलं, आता नाना नळ्या मोडून चुलीत घालणार. पण तारमास्तरच तो. दुसऱ्या दिवशी बघते तर घंटेची वाटी काढून बाजूला ठेवलेली, आणि नाना आपला बसायचा पाट उलटा करून त्याच्या बुडाशी ती हातोडी ठोकून बसवतायत. म्हणाले, "कल्याणला गर्दीच्या वेळी फलाटावर एवढा गोंगाट, की यंत्राचा आवाज येत नसे. मग आम्ही बोट टेकवून बातमी घ्यायचो. कानानं नाही तर नाही, अंगानं ऐकायचं."

"बोट ठीक आहे हो नाना. हे तर..." मी पदर तोंडाला लावला.

राहिलं आक्काचं सोवळं. त्याला तोड मीच सुचवली. रेशमाला विटाळ नाही, हे काय मी सांगायला हवं? सुताऐवजी रेशीम गुंडाळलेली तार नेली की झालं! नाना आत गेले, पेटी उघडली, आणि आपल्या लग्नातला रेशमी कद घेऊन आले. लाल, काठाचा, घडीवर पिवळा पडलेला. जन्मभर जपलेला.

"बाब्या, तो फाडतोस?" आक्का म्हणाली.

"फाडत नाही. उसवतोय."

मग आम्ही दोघी बसलो. मी कदातलं रेशीम सोडवायची, आक्का मांडीवर वाती वळल्यासारखी ते तारेवर वळायची. काय हात तिचा! कुठे फट नाही, कुठे गाठ नाही. नाना कारखान्यात होते. आक्का खाली बघत म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही."

मी रेशमात गुंतल्यासारखं केलं.

"तू काय लपवतेस? मी त्याला वाढवलाय. तो माझ्या तोंडाकडे बघतो गं. पाठमोरा असला की मी बोलतच नाही. समोर आला की चांगलं तोंड उघडून बोलते, दात नाहीत तरी. त्याला वाटतं मला ठाऊक नाही. वाटू दे. ही घंटासुद्धा... बहिऱ्याच्या घरी घंटा! म्हटलं, वाजवू दे बापड्याला, हौस आहे. सांगू नकोस हो त्याला."

आता बोल! इकडून 'आक्काला सांगू नका', तिकडून 'बाब्याला सांगू नकोस'. मधे मी, पोट फुगून बेडूक झालेली. आमची स्वारी म्हणाली, "आज जेवण कमी का?" मी म्हटलं, "पोटात जागा नाही."

नवी तार घालायला फुंकणी लागली नाही. जुन्या नासक्या तारेच्या टोकाला नवी बांधली, इकडून जुनी ओढली, तिकडून नवी आपोआप आत. भिंतीचं एक ढेकूळ पडलं नाही. नाना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बघा. आधी नळी."

पहिल्या परीक्षेला नाना पाटावर बसले, चिमटीत तपकीर. मी खिडकीतून आक्काला खूण केली, तिनं कळ दाबली. विंचू डसावा तसे नाना जे उडाले! तपकीर सगळी माझ्या तोंडावर. मी शिंकतेय, नाना हसतायत, आत आक्का विचारतेय काय झालं, आणि शिंकांपायी मला सांगता येत नाही. आक्काला वाटलं, नानांनी समोर बसून हातोडी बघितली असेल.

थंडी पडली. एके दिवशी दुपारी मी माझी फुंकणी परत मागायला कारखान्यात गेले होते. महिनाभर तिकडेच पडली होती. नाना पाटावर बसून मला समजावत होते, की फुंकणी पितळेची असण्यापेक्षा बांबूची का बरी. "पितळ तापतं वहिनी, बांबू तापत ना..."

आणि वाक्य अर्धं टाकून उठले. मला काही कळलं नाही. मला, चांगल्या दोन्ही कानांच्या बाईला, काहीच ऐकू आलं नव्हतं! घंटेला वाटीच नव्हती, वाजणार काय? पण नाना चपला न घालता परसातून धावत सुटले होते. मी मागोमाग.

आक्का अंथरुणाबाहेर आडवी झालेली. ओठ निळे. हाक मारायला श्वासच नव्हता, नुसता हात कळेवर. नानांनी तिला उचलून आपल्या छातीशी उभी टेकवली, लहान मुलाला ढेकर काढायला धरतात तशी. मी वैद्यांची पुडी मधात कालवून जिभेला लावली, छातीला कढत तेल चोळलं. श्वास शिट्टीसारखा वाजला, अडला, पुन्हा वाजला. नाना तिच्या तोंडाकडे बघत, मी नानांच्या. एकदाचा तो सुटला. लांब, ओला, भरलेला श्वास. नानांनी डोळे मिटले. मी भिंतीला टेकून मटकन बसले आणि खुशाल रडले.

जरा वेळानं नाना तिला म्हणाले, "आक्का, हाक का नाही मारलीस?"

आक्कानं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. नीट तोंड उघडून, सावकाश म्हणाली, "मारली असती, तर आली असती का रे ऐकू, बाब्या?"

 नानांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही कान पकडले. शपथेवर सांगते, मी सांगितलं नव्हतं!

"मग ही कशी ऐकलीस?" आक्कानं विचारलं.

"ऐकली नाही," नाना म्हणाले. "बसलो होतो तिच्यावर."

 आक्का जी हसायला लागली! हसण्याचा खोकला, खोकल्याचं हसणं. मी ओरडतेय, "आक्का, पुरे, आत्ताच श्वास आलाय!" आणि ती डोळे पुसत, "पाटाखाली? मेल्या, पाटाखाली?" नानाही हसले. मग त्यांचं हसणं कुठेतरी फिरलं, आणि त्यांनी आक्काच्या धाबळीत तोंड लपवलं. आक्का त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवीत राहिली. मी फुंकणी घेऊन हळूच घरी आले. अशा वेळी बोलकीनंसुद्धा बसू नये.

आता आक्का बरी आहे. कळ मात्र उगीचच दाबते. काही काम नसतं. नाना पाटावरून उडतात, धावत येतात, समोर उभे राहतात. "काय गं?"

"काही नाही. आहेस ना?"

"आहे."

की पुन्हा परत. एखादे दिवशी तर तिनं पाटाला स्वस्थताच द्यायची नाही असं ठरवलेलं असतं. नाना कुरकुरत नाहीत. आणि हल्ली मला म्हणतात, "काय वहिनी, बरं आहे ना?" आणि थांबतात. माझ्या तोंडाकडे बघत. मग मी बोलते! कित्येक वर्षांचं साठलेलं बोलते.

बाई गं, एक राहिलं. आमची स्वारी दिवसभर कचेरीत, मुलं मुंबईस. नानांनी शेवग्यावरून एक नळी आमच्या माजघरापर्यंत आणून ठेवली आहे. मी मागितली नव्हती. म्हणाले, "पाटाखाली अजून एक हातोडी मावेल." नळी आली, करवंट्या बसल्या, राळ जोमीनं दिली. तार तेवढी जायची आहे. मी फुंकणी लावून बघितली. बोंडा पहिल्याच करवंटीत बसतो. ही नळी पहिलीहून कितीतरी लांब; माझ्या छातीत तेवढा वारा नाही, आणि आक्काच्या तर नाहीच नाही.

तर तू ये. दूध-भाकरीचं बघू मागाहून. खोपटाच्या वाटेला लागलीस की कुणालाही विचार, नळीवाल्या नानांचं घर. फाटकाशी त्यांनी नळी रोखली तर पळू नकोस; समोर उभी राहा आणि तोंड चांगलं उघडून बोल. तुझी फुंक ताजी आहे. पण लवकर ये हो, कापसाचा बोंडा मी करून ठेवला आहे.